टाइल्स किती घ्यायच्या? घराची फरशी बदलण्याआधीचा हिशेब

आमच्या बेडरूममध्ये एका भिंतीचं स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली टाइलची पट्टी, फरशीपेक्षा किंचित पिवळट आहे. पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, मला रोज दिसतं. खोली १० बाय १२, म्हणजे १२० स्क्वेअर फूट. दुकानदाराने वर १० टक्के धरून ९ बॉक्स काढले, मी मान डोलावली. काम संपायच्या दिवशी ३ नग कमी पडले. पुन्हा दुकानात गेलो तोवर आमचा लॉट संपला होता. नाव तेच, डिझाइन तेच, रंग मात्र अर्धा चमचा हळद पडल्यासारखा.

त्यात दुकानदाराचा दोष फारसा नव्हता. मी त्याला विचारलं होतं, "१२० स्क्वेअर फुटाला किती लागतील?" त्याने तेवढ्याचंच उत्तर दिलं. खरा प्रश्न मिस्त्रींना विचारायचा होता: माझ्या खोलीत टाइल कुठून सुरू करणार आणि कुठे कापणार? टाइलची संख्या त्यावर ठरते. पहिल्यांदाच घराचं काम काढणाऱ्यांसाठी हा सगळा हिशेब ओळीने मांडतो. (मुंबईकडचे याला लादी म्हणतील, पुण्याकडचे फरशी. दुकानात दोघंही टाइलच म्हणतात.)

आधी माप, आणि तेही स्वतः घेतलेलं

ॲग्रीमेंटवरचा कार्पेट एरिया टाइल्सच्या हिशेबाला वापरू नका. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार घरातल्या आतल्या भिंतींखालची जागाही कार्पेटमध्ये मोजली जाते, आणि बाल्कनी त्यात धरलेली नसते. टाइल भिंतीखाली जात नाही, बाल्कनीत मात्र लागते. म्हणजे तो आकडा दोन्ही बाजूंनी चुकतो.

टेप घ्या, एक माणूस जोडीला घ्या आणि प्रत्येक खोली वेगळी मोजा. लांबी दोन्ही टोकांना मोजा, रुंदीही तशीच. जुन्या बिल्डिंगमध्ये एका टोकाला दहा फूट आणि दुसऱ्या टोकाला दहा फूट एक इंच निघणं अगदी नेहमीचं. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही, आणि हे मिस्त्रींना आधीच सांगायचं. मोठं माप हिशेबाला धरा. दारांच्या खाचा, खिडकीखालचे कोनाडे, कॉलमची बाहेर आलेली बाजू, हे सगळं कागदावर काढा. चित्र सुंदर यायची गरज नाही.

माप मिलिमीटरमध्ये लिहिलंत तर पुढचं सगळं सोपं जातं, कारण टाइलचं खरं माप मिलिमीटरमध्येच असतं. फूट-इंचात लिहायचंच असेल तर एक जुनी चूक टाळा: १० फूट ६ इंच म्हणजे १०.५ फूट, १०.६ नव्हे. १० फूट ४ इंच म्हणजे १०.३३. कॅल्क्युलेटरला इंच कळत नाहीत.

"दोन बाय दोन" ही दोन बाय दोन नसते

दुकानात "टू बाय टू" म्हणतात ती टाइल ६०० बाय ६०० मिलिमीटर असते. ६०० मिलिमीटर म्हणजे १.९७ फूट. म्हणून एका टाइलचं क्षेत्रफळ ४ नाही, ३.८७५ स्क्वेअर फूट. ४ नगांचा बॉक्स १.४४ चौरस मीटरचा, म्हणजे साडेपंधरा स्क्वेअर फुटांचा. पुष्कळ लोक, कधीकधी दुकानातला पोऱ्याही, सरळ १६ धरतो. ६०० स्क्वेअर फुटांच्या घराला १६ ने भागलं तर ३८ बॉक्स येतात, साडेपंधराने भागलं तर ३९. एका बॉक्सचा फरक किरकोळ वाटतो, पण शेवटच्या दिवशी कमी पडतो तो हाच बॉक्स.

बिलातही हे बघा. भाव ५५ रुपये स्क्वेअर फूट ठरला आणि बॉक्स १६ फुटांचा लावला, तर प्रत्येक बॉक्समागे साडेसत्तावीस रुपये जास्त गेले. ४० बॉक्सला ११०० रुपये. सोपा उपाय म्हणजे भाव बॉक्सचा विचारायचा, आणि जीएसटी धरून की वगळून तेही तिथेच विचारायचं. टाइल्सवरचा १८ टक्के जीएसटी नंतर वर चढला की ५५ चे ६४ रुपये ९० पैसे होतात.

बाकीची नेहमीची मापं अशी: ६०० बाय १२००, म्हणजे टू बाय फोर, बहुतेक २ नगांच्या बॉक्समध्ये येते; तोही साडेपंधरा फुटांचा. ८०० बाय ८०० चे ३ नग, साधारण २०.६७ फूट. भिंतीची ३०० बाय ६०० कुठे ५ नगांची, कुठे ६ नगांची. बॉक्सवर नग आणि चौरस मीटर दोन्ही छापलेले असतात. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की स्क्वेअर फूट मिळतात. तोंडी आकड्यावर जाऊ नका, बॉक्स फिरवून वाचा.

कागदावर टाइल मांडून बघा

इथे जरा वेळ घालवा, सगळा खेळ इथेच आहे. आमचीच १० बाय १२ ची खोली घेऊ. मिलिमीटरमध्ये ३०४८ बाय ३६५८. टाइल ६०० ची आणि मध्ये २ मिलिमीटरचा स्पेसर (दोन टाइल्समधली फट सारखी ठेवणारा तुकडा), म्हणजे एका टाइलची जागा ६०२.

१० फुटांच्या बाजूला ५ टाइल्स बसतात, ३०१० मिलिमीटर होतात, आणि उरते ३८ मिलिमीटरची, जेमतेम दीड इंचाची पट्टी. १२ फुटांच्या बाजूला ६ टाइल्स आणि ४६ मिलिमीटरची पट्टी. स्कर्टिंगने दोन्हीकडून सेंटिमीटरभर झाकलं तरी पट्टी डोळ्यात येते. त्यात भिंत वाकडी असली तर ती एका टोकाला दीड इंच आणि दुसऱ्या टोकाला अर्धा इंच अशी निमुळती होत जाते. वाकडी भिंत एरवी कुणाला कळली नसती, ही पट्टी तिची जाहिरात करते.

आता तीन प्रकारे मांडता येईल.

पट्टी चालणार असेल तर ५ गुणिले ६, म्हणजे ३० अख्ख्या टाइल्स आणि पट्ट्यांसाठी आणखी २. झाल्या ३२.

पट्टी नको असेल तर मधून मांडणी करायची, म्हणजे दोन्ही भिंतींना सारखा तुकडा येईल. १० फुटांच्या ओळीत मध्ये ४ अख्ख्या आणि दोन्ही टोकांना ३२०-३२० मिलिमीटरचे तुकडे. एका टाइलमधून असे दोन तुकडे निघत नाहीत, कारण बेरीज ६४० होते. म्हणून एका ओळीला ६ टाइल्स लागल्या. दुसऱ्या दिशेला तसंच गणित करून ७ ओळी. एकूण ४२.

तिसरा मार्ग मधला. जिथे कायमचं कपाट येणार आहे त्या बाजूला पट्टी लपवायची आणि दुसऱ्या दिशेला तुकडे सारखे ठेवायचे. मग ६ च्या ६ ओळी, ३६, आणि पट्टीसाठी एक-दोन जास्त.

यात स्कर्टिंग अजून धरलेलं नाही. माझी चूक नेमकी इथे झाली. खोलीचा घेर ४४ फूट, दाराचे ३ वजा केले तर ४१ रनिंग फूट. चार इंची स्कर्टिंग कापायचं तर ६०० च्या टाइलमधून ५ पट्ट्या निघतात. सहावी निघत नाही, कारण चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर आणि कटरची पाती दर वेळी दोन-तीन मिलिमीटर खाते. पावणेचार इंचाचं स्कर्टिंग चालत असेल तर मात्र ६ निघतात. मिस्त्रींना हे आवर्जून विचारा. ४१ फुटांना २१ पट्ट्या, म्हणजे ५ टाइल्स. पहिल्या मांडणीच्या ३२ मध्ये ५ मिळवा: ३७. दुकानदाराने दिलेले ९ बॉक्स म्हणजे ३६ नग. त्यात दोन फुटल्या. गणित तुम्हीच करा.

गंमत अशी की ४२ वाल्या मांडणीत स्कर्टिंगला वेगळी टाइल लागतच नाही. कडेच्या प्रत्येक कापलेल्या टाइलमागे साधारण २७५ मिलिमीटर रुंदीचा तुकडा उरतो आणि त्यातून दोन चार इंची पट्ट्या निघतात. कोपरे सोडले तर असे १८ तुकडे, म्हणजे ३६ पट्ट्या. आपल्याला हव्यात २१. म्हणजे खरा फरक ३७ आणि ४२ चा आहे, जेमतेम सव्वा बॉक्सचा. तेवढ्यासाठी मी तरी आता पट्टी पत्करणार नाही. अट एकच: मिस्त्रींना पहिल्याच दिवशी सांगायचं की तुकडे फेकायचे नाहीत, स्कर्टिंग त्यातूनच काढायचं आहे. नाहीतर संध्याकाळी तुकडे डेब्रिजच्या गोण्यांत गेलेले असतात.

हॉलमधून बेडरूममध्ये टाइलची रेघ अखंड न्यायची हौस असेल, तर प्रत्येक खोलीत मनासारखी मांडणी करता येणार नाही. एका खोलीची रेघ दुसऱ्या खोलीवर लादली जाते. दारात ग्रॅनाइटची पट्टी घेतली की खोल्या सुटतात. हॉल महत्त्वाचा धरा, बेडरूममध्ये पलंगाखाली काय होतंय ते कुणी बघत नाही.

मोठ्या टाइलचं खूळ सध्या फार आहे. टू बाय फोर हॉलमध्ये छान दिसते, पण १० फूट रुंदीला ती आडवी घातली तर अडीच टाइल बसते आणि दुसऱ्या अर्ध्यात पुढच्या ओळीचा अर्धा निघत नाही: हवे ६४४ मिलिमीटर, उरतात ५५०. म्हणजे दर ओळीला ३ टाइल्स. लहान खोलीत टाइल जितकी मोठी तितकी वाया जास्त. आणि ही टाइल विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावू नका. लांब टाइल मध्ये किंचित फुगलेली असते. शेजारच्या टाइलचं टोक तिच्या फुगीर मध्याला भिडलं की पायाला कडा लागते. सरकवायचीच तर एक तृतीयांश.

इतकं मांडून बघायला वेळ नसेल तर टक्क्यांचा ठोकताळा आहेच: सरळ मांडणीत मोठ्या खोलीला ५ ते ७, लहान खोल्यांना १०, तिरप्या मांडणीला १५. स्कर्टिंग मात्र यातही वेगळं धरा.

बाथरूम: थर मोजा

बाथरूमच्या भिंतीला स्क्वेअर फूट एकूण बरोबर सांगतात, तरी खरेदी चुकते. कारण तिथे एकच टाइल नसते. खाली डार्क, वर लाइट, मध्ये हायलायटर, म्हणजे नक्षीदार टाइलचा थर. प्रत्येकाचे बॉक्स वेगळे, आणि डार्कचा उरलेला बॉक्स लाइटच्या उपयोगी पडत नाही.

४ बाय ७ चं बाथरूम, ७ फुटांपर्यंत टाइल, टाइल ३०० बाय ६०० आडवी. ७ फूट म्हणजे २१३४ मिलिमीटर, थर बसतात ७ आणि वर उरतात २० मिलिमीटर. ती वीस मिलिमीटरची पट्टी लावू नका, सातव्या थरावर थांबा. दाराची चौकट आणि फॉल्स सीलिंग याच रेघेला जुळवून घेता आलं तर उत्तम.

एका थरात किती? समोरासमोरच्या भिंतींवर टाइल आणि तिच्यामागचा माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) मिळून प्रत्येकी इंचभर जागा जाते. म्हणून ४ फुटांची भिंत ३ फूट १० इंचांची होते, ७ ची ६ फूट १० इंचांची. लांब भिंतीला साडेतीनला जरा कमी, तेव्हा दोन भिंतींना मिळून ७ टाइल्स. आखूड भिंतीला २. दाराच्या भिंतीवर दार अडीच फुटांचं, उरलेल्या भागाला १. थर झाला १० टाइल्सचा. ७ थरांना ७०. खालचे ३ थर डार्क, ३० नग. एक थर हायलायटर, १० नग. वरचे ३ लाइट, ३० नग. ५ नगांच्या बॉक्सप्रमाणे ६, २ आणि ६. आकडे इतके नेमके जुळले की मला भीती वाटते. डार्क आणि लाइटचा एकेक बॉक्स वाढवा. नळाच्या आणि डायव्हर्टरच्या (पाणी शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकच्या) भोकांपाशी टाइल तडकते, आणि ती भोकं बहुधा डार्कमध्येच येतात. हायलायटर चारही भिंतींना न घेता शॉवरच्या भिंतीलाच घेतला तर पैसेही वाचतात आणि बाथरूमचं मंगल कार्यालय होत नाही.

खालच्या फरशीला ३०० बाय ३०० ची अँटिस्किड. लहान टाइलने नहाणीकडे उतार नीट देता येतो, मोठी टाइल चारी बाजूंनी उतार घेत नाही. वरच्याच मापाला ४ च्या ७ ओळी, २८ नग.

एक सबुरी इथे हवी. बाथरूमचं अंतिम माप जुनी टाइल फोडून, पाइप बदलून, वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टर झाल्यावरच घ्या. त्याआधी डिझाइन पसंत करा, दुकानात माल आहे ना ते बघा, थोडे पैसे देऊन धरून ठेवा. पण नगांची संख्या प्लास्टरनंतर.

ओट्यावरच्या डॅडोचं, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्सचं गणित सोपं आहे, दोन फूट उंची गुणिले ओट्याची लांबी. फक्त गिझर, चिमणी किंवा वॉटर प्युरिफायरमागे टाइल हवी का ते ठरवून मग मोजा, आणि इलेक्ट्रिक पॉइंटच्या कापाकापीसाठी २ नग धरा.

दुकानात

देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून येतात, नामांकित ब्रँडच्याही बऱ्याच. म्हणून ब्रँडच्या नावाआधी बॉक्सच्या लेबलकडे बघा. ग्रेड प्रीमियम आहे का, आणि सगळ्या बॉक्सवर बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे का. भट्टीच्या प्रत्येक लॉटला रंग केसभर बदलतो. शोरूमच्या फोकसखाली फरक दिसत नाही. दोन बॉक्समधली एकेक टाइल दुकानाबाहेर उजेडात शेजारी ठेवून बघा.

फरशीची टाइल व्हिट्रिफाइड घ्या. ती पाणी जवळजवळ शोषत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून सिमेंटमध्ये लावताना ती आधी पाण्यात भिजवतात. व्हिट्रिफाइड भिंतीवर लावायची असेल तर नुसत्या सिमेंटवर भरवसा ठेवू नका, टाइल चिकटवायचं ॲडेसिव्ह घ्या. ३ मिलिमीटरच्या थराला २० किलोची गोणी साधारण ४५ ते ५० स्क्वेअर फूट जाते. थर जाड झाला की त्याच प्रमाणात गोण्या वाढतात, आणि जुन्या मोझेकवरच नवी टाइल चढवताना तो जाड होतोच, कारण जुनी फरशी सपाट नसते. तसं करणार असाल तर सगळी दारं खालून तासावी लागतील, सुताराला सांगून ठेवा.

घेताना तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या: न फोडलेले बॉक्स परत घेणार का आणि किती दिवसांत, वाटेत फुटलेले नग बदलून देणार का, भाडं आणि हमाली कुणाची. तोंडी "देऊ ना साहेब" हे काम संपेपर्यंत कुणाला आठवत नाही.

सगळा माल एकदम घ्या. आधी थोडा, नंतर थोडा, यात आमचं स्कर्टिंग पिवळं झालं.

माल आल्यावर

टू बाय टूचा बॉक्स २८ ते ३० किलोचा असतो. ४० बॉक्स म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. सोसायटी लिफ्ट वापरू देणार का, कोणत्या वेळेत, डिपॉझिट किती, हे ट्रक दारात उभा राहण्याआधी सेक्रेटरींकडून कळायला हवं. लिफ्ट नसेल तर हमालीचा दर मजल्यामागे लागतो आणि चौथ्या मजल्यावर तो टाइलच्या भावात चांगलाच जाणवतो.

बॉक्स खोलीच्या मध्यभागी एकावर एक रचू नका, स्लॅबवर एकाच ठिकाणी भार येतो. भिंतींच्या कडेने, निरनिराळ्या खोल्यांत वाटून, उभे ठेवा. ट्रकवाला घाई करेल, करू द्या. नग मोजा, बॅच नंबर प्रत्येक बॉक्सचा वाचा, कोपरे दबलेले बॉक्स तिथेच फोडून बघा. फुटके नग टाकायचे नाहीत, मिस्त्रींना दाखवून बाजूला ठेवा, कापाच्या जागी तेच आधी वापरायला सांगा.

मिस्त्रींना पहिली ओळ माल न लावता सुकी मांडायला सांगा आणि तुमच्या कागदाशी ताडून बघा. काही मिस्त्रींना हे आवडत नाही. चहा पाजा, पण बघाच.

काम झाल्यावर प्रत्येक प्रकारचे चार-पाच नग ठेवून घ्या, बाकीचे बॉक्स मुदतीत परत करा. पुढेमागे पाइप गळला आणि दोन टाइल्स फोडाव्या लागल्या तर हेच नग लागतात, तेव्हा ते डिझाइन बाजारात नसतं. लॉफ्टवर उभे ठेवा, आणि एका बॉक्सचं लेबल कापून बिलाला टाचून टाका.